हवापालटाचे शतक

मनुष्याच्या श्वसनमार्गाला जडणाऱ्या नेहमीच्या रोगांपैकी सर्दी-पडसे, घशाची सूज, श्वासनलिकादाह, इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया हे काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत आपला निकाल लावून मोकळे होतात. रोगी उठून कामाला लागतो किंवा दगावतो, आणि दोन्ही प्रसंगी घराला त्याच्यासाठी कायमची वेगळी व्यवस्था करावी लागत नाही. फुप्फुसाच्या क्षयाची रीत निराळी आहे. तो वर्षानुवर्षे रेंगाळतो, मध्येच माघार घेतल्यासारखा वाटतो, पुन्हा उलटतो, आणि या सर्व काळात रोगी हिंडता-फिरता असल्यामुळे घरातल्यांना तो देतही राहतो. असल्या रोगासाठी औषध नसताना काय करावे, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर म्हणजे सॅनिटोरियम, म्हणजेच गावापासून दूर, उंचावर किंवा कोरड्या हवेत बांधलेले आरोग्यधाम. १८५४ च्या सुमारास युरोपात ज्या कल्पनेने आकार घेतला, तिची गरज खरोखर किती होती याचा हिशेब १९५९ मध्ये मद्रास शहरात मांडला गेला. या शंभर वर्षांचा इतिहास बहुधा पर्वतराजीतल्या व्हरांड्यांच्या आणि तिथे राहून गेलेल्या नामवंतांच्या अंगाने लिहिला जातो. भारतापुरते पाहिले तर तो ज्यांना तिथे कधीच जागा मिळाली नाही त्यांच्या बाजूने वाचणे अधिक रास्त ठरते.

या संस्थेचे मूल्यमापन करायचे तर रोगाची चाल आधी लक्षात घ्यावी लागते. क्षयाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस, रोग्याच्या खोकल्यातून उडालेल्या आणि हवेत तरंगत राहिलेल्या अतिसूक्ष्म कणांवाटे दुसऱ्याच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत, म्हणजे जिथे रक्त आणि हवा यांची देवघेव होते त्या अगदी शेवटच्या फुगीर टोकांपर्यंत पोहोचतो. तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण नेहमीच मारू शकत नाहीत. मग त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतात. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते आणि आयुष्यभरात शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. ज्यांच्यात ही कोंडी फुटते त्यांच्या फुप्फुसाचा भाग सडून पोकळी तयार होते, ती श्वासनलिकेला जोडली गेली की तिच्यातले असंख्य जंतू बेडक्यातून बाहेर पडू लागतात, आणि पोकळीच्या भिंतीतली रक्तवाहिनी झिजली की खोकल्यातून रक्त येते. औषधाविना अशा रोग्यांचे काय होते, याचे विश्वसनीय उत्तर १९६० च्या दशकात बंगळूरलगतच्या खेड्यांतील पाहणीने दिले. पाच वर्षांत सुमारे निम्मे रोगी मरण पावले, सुमारे एक तृतीयांश रोग्यांच्या बेडक्यातले जंतू आपोआप नाहीसे झाले, आणि उरलेले तसेच खोकत, जंतू पसरवत राहिले. हा आपोआप बरा होणारा तिसरा हिस्साच क्षयाच्या प्रत्येक जुन्या उपचाराला यश मिळवून देत आला आहे. तो उपचार हवेचा असो, दुधाचा असो की नवसाचा.

भारतीय वैद्यकाला या रोगाची ओळख फार जुनी आहे. चरकसंहितेने राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत: शक्तीबाहेरचे साहस, मलमूत्रादी वेगांचे धारण, धातूंचा क्षय आणि विषम आहार. रोहिणीवर जास्त प्रीती केली म्हणून दक्षाने चंद्राला दिलेल्या क्षयाच्या शापाची कथाही तिथे आहे, आणि हीच कथा सोमनाथाच्या क्षेत्रमाहात्म्यातही येते. वैद्यांचा भर बलवर्धनावर असे. शेळीचे दूध, मांसरस, अडुळसा, सितोपलादि चूर्ण आणि ऐपत असेल तिथे सुवर्णाचे कल्प ही चिकित्सा महाराष्ट्रातल्या घरांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिचयाची होती. थोरल्या माधवराव पेशव्यांना याच रोगाने ग्रासले. १७७० च्या कर्नाटक स्वारीतून प्रकृतीमुळे परतून मोहिमेची धुरा त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवावी लागली, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. राज्याच्या धन्याला जे वैद्यक उपलब्ध होते त्याहून फारसे वेगळे काही एकशे पंधरा वर्षांनीही उपलब्ध झालेले नव्हते, हे आनंदीबाई जोशी यांच्या मृत्यूवरून दिसते. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. क्षयाचा जंतू सापडल्याला तेव्हा जवळजवळ पाच वर्षे झाली होती. पण जंतू दिसणे आणि तो मारता येणे यांमध्ये अजून साठ वर्षांचे अंतर होते.

या मधल्या पोकळीत हवापालटाचा उपचार वाढला. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील ग्योर्बर्सडोर्फ या डोंगरी गावात (आजचे पोलंडमधील सोकोवोव्स्को) हेर्मान ब्रेहमर या वैद्याने १८५४ पासून क्षयरोग्यांसाठी निवासी उपचार सुरू केले. क्षय आरंभीच्या अवस्थेत नेहमीच बरा होऊ शकतो असे त्याच्या प्रबंधाचे प्रतिपादन होते, आणि ते त्या काळी धाडसाचे होते. त्याची उपपत्ती मात्र अशी होती की क्षयरोग्याचे हृदय फुप्फुसांच्या मानाने लहान असते आणि उंचावरच्या विरळ हवेत ते जोमाने काम करू लागते. ही उपपत्ती साफ चुकीची होती. तरी तिच्यामुळे उभी राहिलेली व्यवस्था शतकभर टिकली. ब्रेहमर रोग्यांना टेकड्या चढायला लावी. त्याचाच एके काळचा रोगी पेटर डेटवायलर याने १८७६ मध्ये फाल्केनश्टाइन येथे आपली संस्था काढली आणि गुरूची पद्धत उलटी फिरवून व्यायामाऐवजी विश्रांतीला प्रमुख स्थान दिले. उघड्या व्हरांड्यात लांब खुर्च्या मांडून, अंगावर घोंगड्या घेऊन, हिवाळ्यातही तासन्‌तास पडून राहायचे, भरपूर दूध-लोणी खायचे आणि बेडके कुठेही न टाकता खिशात ठेवायच्या निळ्या काचेच्या झाकणबंद बाटलीत टाकायचे, हा क्रम त्याने रूढ केला. स्वित्झर्लंडमधील सुमारे १,५६० मीटर उंचीवरच्या दाव्होस या खेड्याचे याच काळात रोग्यांच्या नगरात रूपांतर झाले. टोमास मान यांच्या १९२४ च्या प्रसिद्ध कादंबरीमुळे ते साहित्यातही अजरामर झाले, आणि सॅनिटोरियम म्हटले की श्रीमंत, सुसंस्कृत, तत्त्वचर्चा करणारे रोगी डोळ्यांपुढे येण्याची सवय वाचकांना लागली ती तेव्हापासून.

रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. रोग जंतूमुळे होतो हे सिद्ध झाल्यावर हवेच्या उपचाराचा पाया डळमळायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक पक्का झाला. याचे एक कारण अमेरिकेतील एडवर्ड ट्रूडो यांच्या प्रयोगात सापडते. स्वतः क्षयरोगी असलेल्या ट्रूडोंनी न्यूयॉर्क राज्यातील सारानाक लेक येथे १८८४-८५ मध्ये आरोग्यधाम काढले आणि लवकरच सशांवर एक प्रयोग केला. पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, कोंदट जागेत ठेवले, पाचांना जंतू न टोचता तितक्याच वाईट परिस्थितीत ठेवले, आणि पाचांना जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडून भरपूर खाऊ घातले. कोंडलेल्या बाधित सशांपैकी चार मेले, मोकळ्या बाधित सशांपैकी चार जगले, आणि नुसतीच हलाखी सोसलेल्यांना क्षय झाला नाही. जंतूशिवाय रोग नाही, पण जंतूचा जय कोणत्या शरीरात होतो हे परिस्थिती ठरवते, हा निष्कर्ष योग्यच होता. त्यातला अडचणीचा भाग असा की बेटावरच्या सशांना हवा, अन्न आणि मोकळीक या तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या होत्या. त्यांतले नेमके कशाने काम केले ते या प्रयोगातून कळत नव्हते, आणि श्रेय मात्र हवेच्या पदरात पडले.

आरोग्यधामांचे निकाल चांगले दिसण्यामागे आणखी एक साधी गोष्ट होती. बहुतेक संस्था आरंभीच्या अवस्थेतले रोगीच घेत, दोन्ही फुप्फुसे पोखरलेल्यांना दारातून परत पाठवत, आणि घरी सोडताना रोगी ‘सुधारला’ असे नोंदवून पुढच्या पाच वर्षांचा माग बहुधा काढत नसत. जे आपोआप बरे होणार होते त्यांचीच अशी निवड झाल्यावर यशाची टक्केवारी वाढणे अपरिहार्य होते. तरीही या संस्थांना निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. उपाशी, थकलेल्या माणसाला तिथे पोटभर अन्न आणि विश्रांती मिळे, घरातली लहान मुले काही महिने तरी संसर्गापासून दूर राहत, आणि बेडके जाळावेत, खोकताना तोंडावर फडके धरावे, तापमान दिवसातून अनेकदा मोजून लिहावे ही शिस्त घेऊन रोगी परत जाई. विसाव्या शतकात त्यात शस्त्रक्रियेची भर पडली. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी याने सुचवलेल्या पद्धतीत छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामधल्या फटीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस मुद्दाम दाबून ठेवले जाई, म्हणजे त्यातली पोकळी मिटावी. ही हवा शरीरात शोषली जाते, त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा भरावी लागे, आणि असे दोन-तीन वर्षे चाले. जिथे याने भागत नसे तिथे बरगड्यांचे तुकडे काढून छातीची ती बाजू कायमची बसवून टाकत. मोकळी हवा फुप्फुसात घेण्यासाठी डोंगरावर आणलेल्या रोग्याचे फुप्फुस तिथे हवा भरून बंद करायचे, यातला विरोधाभास त्या काळच्या वैद्यांना फारसा खटकलेला दिसत नाही.

भारतात ही संस्था आली ती मिशनरी आणि दानशूर मंडळींच्या हातून. सरकार त्यांच्या मागून चालत आले. पहिले उघड्या हवेचे आरोग्यधाम १९०६ मध्ये अजमेरजवळ तिलोनिया येथे निघाले, १९०८ मध्ये अल्मोड्याला दुसरे. मुंबईचे समाजसुधारक आणि पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी दयाराम गिदुमल यांच्या साहाय्याने सिमल्याच्या वाटेवरील धरमपूर येथे १९०९ मध्ये क्षयरोग्यांसाठी वसाहत उभारली. बालविवाहाविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवलेल्या मलबारींचे हे काम आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९१२ हे या इतिहासातले गजबजलेले वर्ष आहे. नैनितालजवळ भोवाली येथे सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ आरोग्यधाम सुरू झाले (पुढे १९३५ मध्ये कमला नेहरू उपचारासाठी तिथेच होत्या), दक्षिणेत मदनपल्लीला अनेक मिशनांनी एकत्र येऊन कामाचा आरंभ केला, आणि पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर उभे राहिले. त्याच वर्षी प्रागमध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी आयसोनियाझिड हे संयुग तयार केले आणि त्याचा उपयोग न सुचल्याने बाजूला ठेवून दिले. क्षयावरचे सर्वांत स्वस्त आणि प्रभावी औषध अशा रीतीने चाळीस वर्षे रसायनांच्या सूचीत पडून राहिले आणि जग तोवर व्हरांडे बांधत राहिले.

महाराष्ट्रात पाचगणी आणि मिरज ही दोन केंद्रे विशेष महत्त्वाची ठरली, आणि त्यांचे स्वरूप एकमेकांहून बरेच वेगळे होते. सुमारे ४,३०० फूट उंचीवरची, महाबळेश्वरच्या मानाने कमी पावसाची पाचगणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी विसाव्याचे ठिकाण म्हणून वसवली होती. मुंबईच्या पारशी, गुजराती आणि सुखवस्तू मराठी कुटुंबांतला रोगी तिथे स्वतःच्या खर्चाने राहू शके. मिरजेचे आरोग्यधाम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे. कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय काढले, आणि शस्त्रक्रियांमुळे त्याची ख्याती दूरवर पसरल्यावर १९२० मध्ये मिरज आणि सांगली यांच्यामधल्या माळरानावर क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र वसाहत वसवली, जी पुढे वानलेसवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे डोंगर नव्हता, थंडीही बेताचीच. होती ती कोरडी हवा, मोकळी जागा आणि जवळच हाताशी असलेले रुग्णालय. उंचीवाचूनही रोगी सुधारत होते, हे ब्रेहमरच्या उपपत्तीला माळरानाने दिलेले उत्तर म्हणता येईल. मुंबईकरांच्या बोलीत सॅनिटोरियम या शब्दाला याच काळात आणखी एक अर्थ चिकटला तोही नोंदवायला हवा. देवळाली, लोणावळा, माथेरान या ठिकाणी निरनिराळ्या ज्ञातींच्या विश्वस्त निधींनी आपापल्या लोकांसाठी स्वस्त निवास बांधले, त्यांनाही सॅनिटोरियमच म्हणत, आणि बाळंतपणातून किंवा विषमज्वरातून उठलेली माणसे तिथे महिना-दोन महिने हवापालटाला जात. त्यांचा क्षयाशी संबंध नव्हता. किंबहुना क्षयरोग्याला तिथे सहसा थारा नसे.

क्षयाची खरी वस्ती होती ती मुंबईच्या चाळीत. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी शहर सुधारणेसाठी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला खरा, पण गिरणगावातली एकेक खोली अनेकांनी पाळीपाळीने झोपण्यासाठी वापरण्याची पद्धत चालूच राहिली, आणि सुताचा धागा तुटू नये म्हणून गिरणीत मुद्दाम राखलेली दमट, तंतुमय हवा दिवसभर छातीत भरून घेतलेला कामगार रात्री त्याच कोंदट खोलीत परत येई. तो खोकू लागला, ताप उतरेना, वजन घटले की मुकादम त्याला कामावरून कमी करी आणि तो बोटीने कोकणातल्या गावी जाई. तिथे आईच्या किंवा बायकोच्या हातची पेज घेत पडवीतल्या बाजेवर तो शेवटचे दिवस काढी. त्याचा मृत्यू मुंबईच्या नोंदीत येत नसे आणि त्याने गावात नेलेला जंतू कोणाच्याच नोंदीत येत नसे. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी भारत सरकारसाठी केलेल्या पाहणीवर आधारलेला आपला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध केला. वाढती शहरे, रेल्वेने सुलभ झालेली ये-जा आणि पडद्यामुळे अंधाऱ्या खोल्यांत कोंडलेल्या स्त्रिया यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने मांडलेल्या अंदाजानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे २५ लाख सक्रिय क्षयरोगी होते, दरवर्षी सुमारे ५ लाख लोक या रोगाने मरत होते, आणि त्यांच्यासाठी साऱ्या देशात खाटा होत्या जेमतेम ६,००० च्या आसपास. म्हणजे सगळ्या खाटा केवळ मरणाऱ्यांना दिल्या असत्या तरी ऐंशी-नव्वद जणांमागे एकच खाट आली असती.

हे प्रमाण ध्यानात घेतले की सॅनिटोरियमचा काळ ही संज्ञाच भारताच्या बाबतीत काहीशी फसवी ठरते. युरोपात ती सामाजिक व्यवस्था होती, इथे ती अपवाद होती. बाकी सर्वांचे आरोग्यधाम म्हणजे स्वतःचे घर. वेगळे ताट-वाटी, वेगळे अंथरूण, दाराबाहेरची बाज, आणि लग्नाच्या मुली-मुलांच्या दृष्टीने बाहेर बोलायचे नाही असा घरातल्या घरात झालेला ठराव, ही त्या गृहोपचाराची अंगे होती. सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडून देण्याची रीत अनेक घरांत होती आणि तिच्या उपचाराचा भार मग माहेरच्या ऐपतीवर पडे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय क्षयरोग संघाने, मदनपल्लीत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. ख्रिश्चन फ्रिमोट-म्योलर यांच्या मार्गदर्शनाखाली, ही वस्तुस्थिती मान्य करून संघटित गृहोपचाराची योजना पुढे केली. खाट मिळेपर्यंत आणि बहुधा न मिळाल्यास दवाखान्यातले डॉक्टर व आरोग्य-परिचारिका यांनी रोग्याची घरीच देखरेख करावी, असा तिचा आशय होता. तडजोड म्हणूनच तिच्याकडे पाहिले जाई. खरा उपचार डोंगरावर, ही श्रद्धा तिच्या पुरस्कर्त्यांनीही सोडलेली नव्हती.

औषधे आल्यावर ही श्रद्धा तपासून पाहणे प्रथमच शक्य झाले. १९४३ च्या अखेरीस अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये यॉर्गेन लेमान यांनी पॅस या संक्षेपाने ओळखले जाणारे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल क्षयावर वापरून पाहिले. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १०७ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छ विभागणी केली होती: ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्यातले १४ मरण पावले. ही चाचणी औषधशास्त्राच्या इतिहासात फार गाजली आहे, पण तिच्यातल्या दुसऱ्या गटाकडे सहसा कोणी बघत नाही. सुमारे सत्तर वर्षे प्रमुख मानला गेलेला विश्रांतीचा उपचार इथे प्रथमच मोजमापाच्या काट्यावर चढला होता, आणि तोही तुलनेसाठी ठेवलेला निरौषध गट म्हणून. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिल्यास काही आठवड्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही याच काळात उमगले आणि दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा नियम पडला. १९५२ मध्ये प्रागचे ते अडगळीतले संयुग नव्याने हाती आले. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिडच्या गोळ्या घेतलेले मरणासन्न रोगी वॉर्डात नाचतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांतून जगभर पोहोचली.

भारत सरकारपुढे आता प्रश्न सरळ होता. गोळ्या स्वस्त आहेत, खाटा महाग आहेत. गोळ्यांचा गुण खाटेवाचून येतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू केले. रसायनोपचार म्हणजे इथे जंतुनाशक औषधांनी केलेला उपचार. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. शहरातील गरीब वस्त्यांतल्या १९३ रोग्यांची यदृच्छ विभागणी करून काहींना वर्षभर आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्याच घरी ठेवले, आणि दोन्ही गटांना आयसोनियाझिड व पॅस ही तीच औषधे दिली. घरच्या गटाची बाजू सर्वतोपरी लंगडी होती. खोल्या अंधाऱ्या आणि गर्दीच्या, आहार निकृष्ट, विश्रांतीचा पत्ता नाही, बरेचजण ताप उतरताच कामावर जाणारे. शिवाय पॅसची मात्रा मोठी, चव वाईट आणि पोट बिघडवणारी. औषध खरोखर घेतले जाते की नाही हे पाहण्यासाठी परिचारिका अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासायला नेत. वर्षअखेर आरोग्यधामातल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रोग्यांमध्ये रोग जंतूंच्या दृष्टीने शमला होता. हा फरक नगण्य होता. सर्वांत मोठी भीती घरातल्या इतरांविषयी होती. पण घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक क्षय झाला नाही, हे पुढच्या पाच वर्षांच्या पाहणीतही टिकून राहिले. घरातल्यांना संसर्ग व्हायचा तो बहुतांशी निदान होण्यापूर्वीच झालेला असतो आणि औषध सुरू झाल्यावर रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने उतरते, हे त्याचे स्पष्टीकरण.

१९५९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि श्रीमंत देशांनीही आपली आरोग्यधामे एकेक करून मिटवायला घेतली. पैशाच्या टंचाईने जो प्रश्न विचारायला भाग पाडले, त्याचे उत्तर पैसेवाल्यांनाही लागू पडले, असा हा योग वैद्यकाच्या इतिहासात विरळा आहे. मात्र या प्रयोगाचे वाचन पुढे सोयीपुरते झाले असे म्हणायला जागा आहे. मद्रासच्या घरच्या गटाला नुसत्या गोळ्या मिळाल्या नव्हत्या. अवचित येणारी परिचारिका, नियमित तपासणी, रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी चाललेले बोलणे हा त्या उपचाराचाच भाग होता. देशभर योजना पसरली तेव्हा गोळ्या गेल्या, परिचारिका पोहोचली नाही. १९५९ मध्येच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील डी. बॅनर्जी आणि स्टिग आंडर्सन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की लक्षणे असलेले निम्म्याहून अधिक ग्रामीण रोगी आपणहून उपचारासाठी जातात, आणि सरकारी दवाखान्यातून बहुतेकांना बेडका न तपासता खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जाते. अडाणी रोगी औषधाला येत नाही, या समजुतीला त्या पाहणीने तडा दिला. तरी ती समजूत अजूनही अनेक दवाखान्यांत ठाण मांडून आहे. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम याच संशोधनावर आखलेला होता. वर्ष-दीड वर्षाचे औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या त्यात इतकी मोठी राहिली की १९९० च्या दशकात रिफाम्पिसिनयुक्त सहा-आठ महिन्यांचा उपचार कोणीतरी डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावण्याच्या पद्धतीने नव्याने आखावा लागला.

आरोग्यधामांच्या इमारती मात्र मोडल्या नाहीत. मद्रासजवळ तांबरम येथे डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ मध्ये काढलेल्या संस्थेचे नाव तिथल्या उपनगरी रेल्वे स्थानकाला अजूनही आहे. याच डॉक्टरांच्या इंग्लंडमधील आरोग्यधामात १९१७ मध्ये गणितज्ञ रामानुजन काही काळ होते, आणि त्यांना खरोखर क्षयच होता का याबद्दल नंतरच्या वैद्यांनी शंका घेतली आहे. मिरजेच्या संस्थेचे छातीच्या रोगांच्या रुग्णालयात रूपांतर झाले, पाचगणीचे बेल-एअर रेडक्रॉसकडे जाऊन पुढे एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा करू लागले, आणि मुंबईत शिवडीचे महापालिकेचे रुग्णालय डोंगर, माळ किंवा कोरडी हवा यांपैकी काहीच नसताना, समुद्रकाठच्या दमट भागात, ज्यांना घरी ठेवून घ्यायला कोणी तयार नाही अशांना सांभाळत राहिले.

अर्धवट औषधोपचारांचा परिणाम याच शहरात ठळकपणे दिसला. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील चार रोग्यांचे जंतू तपासलेल्या सर्वच औषधांना दाद देत नसल्याचे नोंदवले, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याची बातमी जगभर गेली. ‘संपूर्ण औषधरोधी’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली नाही, पण रोग्यांच्या स्थितीबद्दल वाद नव्हता. मद्रासच्या प्रयोगाचे गृहीतक असे होते की औषध रोग्याची संसर्गक्षमता लवकर घालवते. ज्याला औषधच लागू पडत नाही त्याच्या बाबतीत ते गृहीतक उरत नाही, आणि एका खोलीच्या घरात त्याने कुठे झोपावे हा जुना प्रश्न जसाच्या तसा परत येतो. सॅनिटोरियम पुन्हा उघडण्याची वेळ टळून तर गेली नाही ना, असा प्रश्न त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उघडपणे विचारला गेला. त्यानंतर बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड ही नवी औषधे हाती आली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यासह चार औषधांच्या, केवळ तोंडाने घ्यायच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. भारताने त्याला २०२४ मध्ये मान्यता दिली. तो उपचारही घरीच घ्यायचा आहे.